कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे?

मैत्रिणींनो, निवडणूक आणि तंत्रज्ञान हे दोन विषय निघाले की बायकांनी चहा टाकायला आत जायचं, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. बाहेर सोप्यात ईव्हीएममध्ये गडबड करता येते की नाही, यावर तासभर खल चालतो. मोबाईलचा पासवर्ड बदलायचा तर ज्यांना पोरीला हाक मारावी लागते, तेसुद्धा छातीठोकपणे बोलतात. आपण आत कप मोजत बसतो. पण बटण तर आपणही दाबतो ना? चौकातल्या कॅमेऱ्यात आपणही दिसतोच ना? मग या गोष्टींबद्दल आपलं काही मत असायला नको का?

मी काही इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळून बचत गटांच्या कामासाठी रहिमतपूर आणि आजूबाजूच्या गावांतून फिरणारी बाई. त्यामुळे यंत्राच्या आत काय असतं हे मी सांगणार नाही. यंत्राच्या बाहेर आपल्यासारख्या बायकांचं काय होतं, एवढंच मला सांगायचंय.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. २१ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचं आणि सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान एकाच दिवशी झालं. त्या दिवशी कोरेगाव विधानसभा मतदारसंघातल्या नवलेवाडीचं नाव सगळ्या वाहिन्यांवर झळकलं. बटण एका पक्षाचं दाबलं तरी मत दुसऱ्यालाच जातं, अशी तक्रार तिथल्या मतदारांनी केली. प्रशासनानं ती फेटाळली. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि मग दिवाळीच्या फराळात सगळं विसरलं गेलं.

पाच वर्षांनी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत त्याहून मोठा प्रकार झाला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात गावातून एका उमेदवाराला १००३ आणि दुसऱ्याला ८४३ मतं पडलेली दिसली. हे आकडे गावातल्या काही लोकांना पटेनात. त्यांनी ठरवलं, आपणच ३ डिसेंबरला कागदावर मतदान घेऊन बघू. त्याला कायद्याची मान्यता नव्हती हे खरंच. पण प्रशासनानं जमावबंदी लावली, गावात पोलीस आले, मतदान रद्द झालं आणि वर गुन्हेही दाखल झाले. विशेष म्हणजे ज्याला गावात मतं कमी पडली, तो उमेदवार मतदारसंघातून निवडून आला होता. म्हणजे हरल्याचं रडगाणं, असंही सरसकट म्हणता येत नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, ताई, तुमचं मत काय? यंत्रात खोट आहे की नाही? माझ्यापुढे तसा पुरावा आलेला नाही आणि पुराव्याशिवाय मी कुणावर आळ घेणार नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २६ एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा कागदी मतपत्रिका आणायची मागणी मान्य केली नाही. माझा मुद्दा साधा आहे. भाजीवाल्याला आपण म्हणतो, "दादा, काटा नीट धरा." तो चिडत नाही, काटा उचलून दाखवतो. काटा दाखवायला सांगितला म्हणून गिऱ्हाइकालाच कुणी दटावलं, तर काटा बरोबर असला तरी मनात पाल चुकचुकतेच. शंका मिटते ती दाखवल्यानं, दटावून मिटत नाही.

यंत्राचे उपकारही विसरून चालणार नाही. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघात ते पहिल्यांदा वापरलं गेलं, १९९९ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यानं सबंध विधानसभा त्यावर निवडली आणि २००४ पासून लोकसभेचं मतदान देशभर यंत्रावर होतं. त्याआधी कागदावर शिक्का मारायचा, तो दोन खणांच्या मध्ये पडला किंवा घडी घालताना शाई पलीकडे उमटली, की मत बाद. न शिकलेल्या सासवांची कितीतरी मतं अशी वाया गेली असतील. आता चिन्ह बघायचं, बटण दाबायचं, आवाज आला की झालं. शिवाय हे यंत्र मिनिटाला चार-पाचच्या वर मतं घेत नाही. त्यामुळे केंद्र ताब्यात घेऊन गठ्ठ्यानं शिक्के मारायची जुनी दादागिरीही आटली.

आणि कागद म्हणजे गंगाजळ, असंही कुणी समजू नये. ३० जानेवारी २०२४ ला चंदीगडला महापौरपदाची निवडणूक कागदी मतपत्रिकांवरच झाली. मतं फक्त ३६. त्यातली आठ बाद ठरवून हरणाऱ्याला विजयी जाहीर केलं गेलं. पण तिथं कॅमेरा होता. निवडणूक अधिकारी स्वतःच मतपत्रिकांवर खुणा करताना त्यात दिसला आणि २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. याच्या उलट, हरियाणातल्या एका गावात २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक यंत्रावर झाली. एका केंद्राच्या आकड्यांत घोळ झाला आणि भलताच माणूस सरपंच झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात यंत्रं आणून फेरमोजणी केली, तेव्हा हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकलेला निघाला. यंत्र बरोबर होतं, माणसांनी घोळ घातला होता.

म्हणजे बघा, एकीकडे कागद होता, एकीकडे यंत्र. दोन्हीकडे गडबड माणसानं केली आणि दोन्हीकडे ती निस्तरली, कारण मागे जाऊन तपासता आलं. म्हणून कागद की यंत्र या भांडणात मला फारसा रस नाही. मी एवढंच विचारते, तपासायला मिळतं का? जर्मनीच्या घटना न्यायालयानं ३ मार्च २००९ ला हेच सांगितलं होतं. निवडणुकीतल्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळता आल्या पाहिजेत. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या बचत गटाचा नियम. हिशेबाची वही सगळ्यांपुढे वाचायची, सही येत नसलेल्या बाईलाही समजेल अशी.

आपल्याकडे त्यासाठी व्हीव्हीपॅट आलं, म्हणजे यंत्राशेजारची ती चिठ्ठीची पेटी. बटण दाबल्यावर आपण दिलेलं चिन्ह काचेमागे सात सेकंद दिसतं आणि चिठ्ठी आत पडते. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली आणि २०१९ च्या लोकसभेला देशभर सगळ्या केंद्रांवर आली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी पडताळतात. सगळ्याच मोजा, ही मागणी न्यायालयानं २०२४ मध्ये मान्य केली नाही. ठीक आहे, पाच तर पाच. पण २ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या नगरपरिषदांचं मतदान झालं, त्यात ही पेटीच नव्हती. नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी, अशी एका मतदाराची अनेक मतं असतात, त्यामुळे तांत्रिक अडचण आहे, असं सांगण्यात आलं. आणि मतमोजणी झाली ती २१ डिसेंबरला. एकोणीस दिवस यंत्रं बंद खोलीत! आपल्या दारातली गटार, नळ, कचरागाडी ज्या निवडणुकीवर ठरते, तिथंच चिठ्ठी नाही, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

चिठ्ठीचं आणखी एक आहे. समजा, चिठ्ठीवर तुम्ही दाबलेलं चिन्ह न दिसता भलतंच दिसलं. तर नियम ४९ एमए प्रमाणे तुम्ही लेखी तक्रार द्यायची, मग सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर कैद किंवा दंड होऊ शकतो. आता सांगा, बाहेर शंभर माणसांची रांग, आत खुर्चीवर साहेब, दारात पोलीस. अशा ठिकाणी आपल्यातली कोणती सून म्हणेल, की "थांबा, मला लिहून द्यायचंय"? ती म्हणणार, जाऊ दे बाई, आपल्यालाच नीट दिसलं नसेल. खोडसाळपणाला आळा हवा हे मान्य. पण घाबरणाऱ्या मतदाराला आधार कुठला? निदान केंद्रावरच्या एका कर्मचारी ताईनं तरी "घाबरू नका, सांगा" म्हणायला हवं.

इथपर्यंतचं सगळं पेपरात येतं. आता जे फारसं येत नाही, ते सांगते. मत गुप्त असतं असं आपण म्हणतो. बाईसाठी तर पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागचे काही क्षण म्हणजे आयुष्यातली दुर्मिळ गोष्ट. तिथं सासू नाही, नवरा नाही, शेजारीण नाही. घरातून "अमक्यालाच दे" असं बजावून पाठवलेली बाई तिथं स्वतःच्या मनाची राणी असते. पण तिचं एकटीचं मत गुप्त राहिलं, तरी तिच्या आळीचं मत गुप्त राहतं का? राहत नाही! कारण यंत्रांची मोजणी केंद्रावार होते आणि कुठल्या केंद्रावर कुणाला किती पडली, याचा तक्ता सगळ्यांना मिळतो. मारकडवाडीचे १००३ आणि ८४३ आपल्याला कळले ते याचमुळे.

एका गावात, नाव घेत नाही, निकालानंतर महिन्याभरानं तिथल्या बचत गटाच्या बायका नळाचं काम अडलं म्हणून एका पुढाऱ्याकडे गेल्या. मीही बरोबर होते. तो हसतच म्हणाला, "काकी, यंदा तुमच्या आळीतनं मतं कमी पडली बघा. आता ज्यांना दिलीत त्यांच्याकडनंच पाणी आणा की." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आपल्यातली फुटली कोण? परत येताना रस्त्यात कुणी कुणाशी बोललं नाही. नळाचं काम पुढे कितीतरी महिने रखडलं. हंडे कुणी वाहिले हे सांगायला नकोच.

मैत्रिणींनो, ही पाळतच झाली. यासाठी कॅमेरा लागत नाही, एक तक्ता पुरतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायची सोय होती, ती यंत्र आल्यावर गेली. यावर उपायही आहे. टोटलायझर नावाचं जोडयंत्र. चौदा यंत्रं एकदम जोडून एकत्रित बेरीज दाखवतं, कुठल्या आळीनं काय केलं ते कळत नाही. निवडणूक आयोगानं ते २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारनं ते मान्य केलं नाही. केंद्रावार आकडे कळले तर कुठे काम कमी पडलं ते समजतं, असाही एक युक्तिवाद आहे. पण त्याची किंमत पाण्याच्या हंड्यानं मोजावी लागते, हे युक्तिवाद करणाऱ्यांच्या घरात कळत नसावं. कुणी म्हणेल, केंद्रावार आकडे नसते तर मारकडवाडीला शंकाच घेता आली नसती. खरंय. म्हणूनच चिठ्ठ्यांची पडताळणी वाढवा आणि आकडे एकत्र करा, दोन्ही एकदम व्हायला हवं. तपास यंत्राचा करा, आळीचा नको.

आता खऱ्या कॅमेऱ्याकडे येते. मतदान केंद्रांवर चित्रीकरण होतं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलला आणि हे चित्रीकरण लोकांना पाहायला मागण्याचा रस्ता अरुंद झाला. मे २०२५ मध्ये आयोगानं कळवलं, की निकालाला आव्हान दिलं गेलं नसेल तर ४५ दिवसांनंतर ते नष्ट करता येईल. त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा १७ ऑगस्ट २०२५ च्या पत्रकार परिषदेत मुख्य निवडणूक आयुक्तांनी विचारलं, की मतदारांच्या आया, सुना, मुली यांची सीसीटीव्ही दृश्यं आयोगानं इतरांना द्यावीत का?

ऐकायला किती छान वाटतं! आपल्या अब्रूची केवढी काळजी! भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. बायकांचे व्हिडिओ कापून, जोडून काय काय करतात, ते आपण मोबाईलवर बघतोच. पण मला सांगा, रांगेत उभं राहणं ही काय लपवायची गोष्ट आहे? मतदानाच्या दिवशी शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्या बायकांचे फोटो सगळीकडे छापून येतात, तेव्हा कुणाला आमची काळजी वाटत नाही. आणि इतकीच काळजी असेल, तर चेहरे पुसट करून द्या, न्यायालयाच्या देखरेखीखाली दाखवा. बायकांचा पदर पुढे करून त्यामागे दप्तर झाकू नका, एवढंच म्हणणं.

कारण एरवी आमचे चेहरे मागताना कुणी संकोच करत नाही. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरपोच आहार घेताना गरोदर आणि स्तनदा मातांच्या चेहऱ्याची मोबाईलवर ओळख पटवावी लागते. रेंज नसली तर सेविका मोबाईल वर धरून अंगणभर फिरते आणि कडेवर लेकरू घेऊन माता उभी. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सांगितलं. दीड हजार बहिणीचे, पण आधार तिच्याबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर! ज्यांचे दोघेही हयात नाहीत, ज्यांना नवऱ्यानं टाकलंय, त्यांनी ओटीपी कुठून आणायचा? पुढे त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकेमार्फत कागद द्यायची सोय झाली, पण तोवर किती जणींनी खेटे घातले!

मला या वेळी एक जुनी गोष्ट आठवते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम सांगितलं, की बाईचं स्वतःचं नाव हवं. तरीही जवळपास २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. कठोर वाटलं तरी त्यामागचा विचार मोठा होता. सरकारदरबारी बाई ही कुणाची कोण म्हणून उभी राहणार नाही, स्वतःच्या नावानं राहील. आणि आता सत्तर वर्षांनी पुन्हा, "ताई, मिस्टरांचा मोबाईल आणा."

चौकातल्या सीसीटीव्हीबद्दलही माझं म्हणणं असंच आहे. मंगळसूत्र हिसकावणारे सापडले, हरवलेलं पोर मिळालं, एसटी स्टँडवर टवाळकी कमी झाली, हे फायदे मला मान्य आहेत. क्लासवरून रात्री आठला परत येणाऱ्या मुलीची आई म्हणून मलाही तो दिवा लुकलुकताना दिसला की बरं वाटतं. पण ती दृश्यं बघतं कोण? किती दिवस ठेवतात? कुणाच्या मोबाईलवर जातात? कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून "आमची मुलगी कुणाबरोबर बोलत होती ते बघून सांगा" म्हणणारे बापही आहेत आणि ओळखीनं दाखवणारेही आहेत. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा मुलीचं कॉलेज बंद करायला कारण होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो फक्त दिल्लीतल्या मोठ्या लोकांसाठी नाही, आपल्या पोरींसाठीही आहे.

तेव्हा मला समजलेलं गणित सरळ आहे. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्यावर उजेड जास्त हवा. ज्याच्या हातात हंडा, तिला थोडा आडोसा हवा. चंदीगडच्या कॅमेऱ्याचं तोंड अधिकाऱ्याच्या टेबलाकडे होतं, म्हणून लोकशाहीचं भलं झालं. आपल्याकडे हे उलटं होत चाललंय. टेबल अंधारात आणि आळी उजेडात.

आपण काय करू शकतो? पुष्कळ काही. चिठ्ठीची पेटी असेल तिथं घाई न करता ती सात सेकंद पुरती बघायची आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही तसंच शिकवायचं. मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचं चाचणी मतदान होतं आणि संध्याकाळी एकूण किती मतं नोंदली गेली त्याची नमुना १७-क ची प्रत त्यांना मिळते. या मतदान प्रतिनिधींच्या खुर्च्यांवर बायका फार कमी दिसतात. का? बचत गटाचं लाखांचं कर्ज चोख सांभाळणारी बाई एक बेरीज जपून ठेवू शकणार नाही? कुठल्याही पक्षाची असा, पुढच्या वेळी ती खुर्ची मागा. नगरपालिकेत निम्म्या जागांवर बायका बसतात. त्यांना विचारा, की गावातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं कोण बघतं आणि कुणाच्या लेखी परवानगीनं देतं, ते फलकावर का लावत नाही? आणि "तुमच्या आळीनं मतं दिली नाहीत" असं कुणी हसत हसत म्हणालंच, तर गप्प बसून एकमेकींवर संशय घेऊ नका. "मत कुणाला दिलं ते आमचं आम्ही बघू, पाणी मात्र पट्टी भरल्याचं मागतोय," असं सगळ्यांनी मिळून सांगा.

एकटीला ते जड जातं. आठ-दहा जणी असल्या की सहज जमतं.